चार कार्डे आणि चौदा डाइव्ह

अंदमानातल्या स्वराज द्वीपाजवळ, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण अजूनही ज्याला हॅवलॉक म्हणतात त्या बेटाजवळ, जॉनीज गॉर्ज नावाची स्कूबा डायव्हिंगची एक जागा आहे. बोटीतून पाहिले तर नुसता मोकळा समुद्र दिसतो. खाली २५ ते ३० मीटरवर वाळूत पसरलेले मोठमोठे खडक आहेत आणि त्यांच्याभोवती माशांची इतकी दाटी असते की नवख्या माणसाला दुसऱ्या कशाचे भान राहत नाही. मलाही राहिले नाही. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर १०० बार दिसले की डाइव्हमास्टरला, म्हणजे पाण्याखाली आम्हाला नेणाऱ्या गाइडला, खूण करायची आणि ७० वर आले की वर निघायचे, असे बोटीवर स्पष्ट ठरले होते. १०० ची खूण मी केली. त्यानंतर एका खडकाच्या आडोशाला एक मोरी, म्हणजे लहान शार्क, वाळूवर शांत पडलेली दिसली, तिच्या पाठीवरच्या परांची पांढरी टोके स्पष्ट दिसत होती, ती मी पाहत राहिले आणि पुन्हा गेजकडे नजर गेली तेव्हा काटा ५५ वर आला होता. मध्ये पाच-साडेपाच मिनिटेच गेली होती.

वर येताना दुसरी चूक झाली. तळाशी अंग जड वाटत होते म्हणून मी बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटात, बरीच हवा भरली होती. २८ मीटरवर दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या ३.८ पट असतो आणि ५ मीटरवर दीडपट, त्यामुळे खाली भरलेली एक लिटर हवा ५ मीटरपर्यंत येईतो अडीच लिटर होते. हे मला पाठ होते. लेखी परीक्षेत मी हेच गणित बरोबर सोडवले होते. पण ती हवा वर येता येता थोडी थोडी सोडत राहायची असते, हे माझ्या डाव्या हाताला ठाऊक नव्हते. ५ मीटरवर ३ मिनिटे थांबून सेफ्टी स्टॉप करायचा होता, तिथे मी थांबूच शकले नाही आणि थेट पृष्ठभागावर आले. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिल्या दिवशी शिकलेला एकच नियम शरीराने आपणहून पाळला आणि मी हवा सोडत वर आले, म्हणून इजा झाली नाही. खबरदारी म्हणून माझी त्या दिवशीची दुसरी डाइव्ह रद्द करण्यात आली आणि मी बोटीत बसून राहिले.

त्या दिवशी माझ्या पाकिटात कोर्स पूर्ण केल्याची चार कार्डे होती: ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) आणि बॉयन्सीचा, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असे स्थिर राहण्याचा, एक स्वतंत्र कोर्स. लॉगबुकात डाइव्ह होत्या चौदा.

संध्याकाळी एका ओळखीच्या डायव्हरने अगदी आपुलकीने सुचवले की डीप स्पेशालिटीचा कोर्स करून टाकावा, म्हणजे खोलीची भीती जाईल. मी जवळजवळ तयार झाले होते. काही चुकले की त्याचा वर्ग लावायचा, ही आपली मध्यमवर्गीय सवय फार जुनी आहे. गणित कच्चे असले तर शिकवणी आणि इंग्रजी कच्चे असले तर क्लास. रात्री लॉगबुक घेऊन बसले आणि मी पहिल्यांदाच मिनिटांची बेरीज केली. चौदा डाइव्हमध्ये मी पाण्याखाली एकूण साडेसात तास होते, आणि त्यातल्या अकरा डाइव्ह कोर्सचा भाग म्हणून, प्रशिक्षकाच्या हाताच्या अंतरावर झालेल्या होत्या. पुण्यात मोटार शिकताना ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी याहून जास्त वेळ काढला होता, आणि त्यानंतरही कित्येक महिने घाटात गाडी घालण्याचे धाडस मला झाले नव्हते. समुद्रात मात्र साडेसात तासांच्या बळावर मी २८ मीटर खाली उतरले होते, आणि नियमांनुसार ते योग्यच होते.

इथे त्या नियमांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण नव्या माणसाला ते नीट सांगितले जात नाहीत. जगभर सर्वाधिक चालणाऱ्या पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या पद्धतीत ओपन वॉटर कोर्समध्ये समुद्रातल्या चार डाइव्ह असतात आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते. लगेच दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स्ड कोर्स सुरू करता येतो; त्यात पाच डाइव्ह असतात, त्यांपैकी एक खोलीची आणि एक दिशाशोधनाची सक्तीची असते, आणि तो संपला की मर्यादा ३० मीटर होते. म्हणजे नऊ डाइव्ह झालेली व्यक्ती कागदोपत्री ‘ॲडव्हान्स्ड’ ठरते. याउलट एसएसआय या दुसऱ्या संस्थेत ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर हीच पदवी मिळवायला चार स्पेशालिटी कोर्स आणि किमान २४ डाइव्ह लागतात. दोन कार्डांवर शब्द जवळजवळ तेच असतात, त्यांच्यामागचे तास मात्र वेगवेगळे असतात. माझी तक्रार कोर्सच्या दर्जाबद्दल नाही. मला शिकवणारे प्रशिक्षक अतिशय चांगले आणि काटेकोर होते. ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाचा अर्थ मी ‘प्रगत’ असा घेतला, ही चूक मात्र माझ्यासारखे अनेक जण करतात. पाच निरनिराळ्या प्रकारच्या डाइव्हशी तोंडओळख करून देणे, एवढाच त्या कोर्सचा हेतू आहे.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडमध्ये राहतो आणि तिथल्या एका डायव्हिंग क्लबचा सभासद आहे. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबच्या शाखांमध्ये पुढची पायरी मिळाली तरी खोली लगेच वाढत नाही. २० मीटरपासून ३५ मीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने, क्लबातल्या अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली डाइव्ह करत जावे लागते. तो हिवाळ्यातही लेस्टर परगण्यातल्या स्टोनी कोव्हला जातो. ती पाणी भरलेली जुनी दगडखाण आहे. तिथे ना प्रवाळ, ना रंगीत मासे. पाणी इतके गार असते की ड्रायसूटशिवाय, म्हणजे आत पाणी न शिरू देणाऱ्या पोशाखाशिवाय, उतरता येत नाही, आणि तळाला ६, २० आणि ३६ मीटरच्या पायऱ्या आहेत. मी त्याला एकदा विचारले होते की तीच ती खाण तू पुन्हा पुन्हा का पाहतोस. तो म्हणाला, “ताई, मी तिथे बघायला जातच नाही, सरावाला जातो.” त्या रात्री हॅवलॉकच्या खोलीत मला हे वाक्य आठवले आणि मी ठरवले की पन्नास डाइव्ह होईपर्यंत एकही नवा कोर्स करायचा नाही.

पुण्यात राहणाऱ्या माणसाने पन्नास डाइव्ह करायच्या कुठे, हा खरा व्यावहारिक प्रश्न होता. दर वेळी अंदमानला जाणे खर्चात आणि सुट्टीतही बसत नव्हते. मी मालवण निवडले. पावसाळ्याचे महिने सोडले तर रात्रीच्या बसने जाऊन शनिवार-रविवार दोन-दोन डाइव्ह करून परतता येते. अधूनमधून मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटाजवळही उतरता येते. तिथे बोटीचा प्रवास लांबचा असला तरी पाणी बऱ्याचदा स्वच्छ असते आणि खोलीही जास्त मिळते.

मालवणच्या पाण्याबद्दल अनुभवी डायव्हर फारसे बरे बोलत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास दिवसभर चालते ते मुख्यतः पर्यटकांसाठीचे स्कूबा, ज्यात गाइड मागून सिलिंडर धरून माणसाला पाच-सात मीटरवर फिरवून आणतो आणि फोटो काढतो. पाणी हिरवट असते, कधी दहा मीटरपर्यंत दिसते, तर कधी चार मीटरच्या पुढे काही दिसत नाही. याच पाण्यात मी जे शिकले, ते अंदमानच्या निळ्या पाण्यात शिकले नसते, असे आज मला खात्रीने वाटते. चार मीटरची दृश्यता असली की बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, कुठे आहे याचे भान सतत ठेवावे लागते आणि कंपास हातावर मिरवण्याची वस्तू न राहता खरोखर पाहावा लागतो; एकाच खडकाला प्रदक्षिणा घालून आपण निघालो तिथेच पोहोचलो की नाही, हे कळायलादेखील मन थाऱ्यावर असावे लागते.

तिथे मला एक डाइव्हमास्टर भेटले. मच्छीमार घरातले, पन्नाशीचे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. पहिल्या दिवशी मी होडीत बसले आणि कोणीतरी माझे सिलिंडर जोडून देईल म्हणून वाट पाहू लागले, कारण हॅवलॉकला तशीच पद्धत होती. बोटीवरची पोरे सगळे जोडून तयार ठेवत आणि आपण फक्त खांदे अडकवायचे. दादांनी बीसीडी, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात ते उपकरण) आणि सिलिंडर माझ्यासमोर सुटे ठेवले आणि स्वतः नांगराच्या दोराकडे वळले. मला सगळे जोडायला वीस मिनिटे लागली. बीसीडीचा पट्टा ओला करून आवळायचा असतो, कोरडा आवळला तर पाण्यात सैल होतो आणि सिलिंडर खाली घसरते, हे मी ओपन वॉटरमध्ये शिकले होते आणि साफ विसरले होते. मी घाईघाईने व्हॉल्व्ह उघडून उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, “बाय, घाई कित्याक करतंस? पाणी खंय पळान जाणा नाय.” मग त्यांनी मला गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन श्वास घ्यायला लावले. प्रत्येक श्वासाला काटा थोडा खाली जाऊन परत वर येत होता. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नव्हता. पृष्ठभागाजवळ तेवढी हवा पुरली असती. खोल गेल्यावर प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागला असता. काट्याचे ते हलणे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले, आणि तेव्हापासून एकाही डाइव्हला तीन श्वास न घेता मी पाण्यात उतरलेले नाही.

वजनाचे उदाहरण तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बॉयन्सीच्या कोर्समध्ये मला पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर बांधायला शिशाचे ८ किलो वजन दिले गेले होते आणि मी तोच आकडा स्वतःचा मानून चालले होते. वजन हे वेटसूटच्या जाडीवर, सिलिंडरच्या धातूवर, पाण्याच्या खारटपणावर आणि माणसाच्या श्वासावर अवलंबून असते. घाबरलेला माणूस फुप्फुसे सतत अर्धी भरलेली ठेवतो, म्हणून त्याला खाली जायला जास्त शिसे लागते. मालवणात मी दर डाइव्हला एकच गोष्ट बदलायची असे ठरवले. बीसीडी रिकामे करून, नेहमीचा श्वास धरून पृष्ठभागावर सरळ उभे राहायचे आणि पाणी डोळ्यांच्या रेषेपर्यंत येते का ते पाहायचे. मग डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना ५ मीटरवर स्थिर राहता येते का ते पाहायचे. ही दुसरी तपासणी का करायची, याचे कारण मला दादांच्या होडीतच गणित करून कळले. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २,२०० लिटर हवा असते आणि त्या हवेलाच अडीच किलोच्या वर वजन असते. डाइव्ह संपेपर्यंत त्यातले दोन किलो आपण श्वासावाटे सोडून दिलेले असतात. सुरुवातीला अगदी बरोबर वाटणारे वजन शेवटी दोन किलोंनी कमी पडते ते यामुळेच. हिशेब करून, एकेक अर्धा-एक किलो कमी करत, सहा डाइव्हमध्ये मी ८ किलोंवरून ५ किलोंवर आले. नको असलेले तीन किलो गेले तशी बीसीडीत भरावी लागणारी तेवढी हवाही गेली, आणि जॉनीज गॉर्जला जी हवा मला वर घेऊन गेली होती तिचा मोठा भाग मुळात कशासाठी भरलेला होता, तेही उमगले.

हवेच्या खर्चाचेही तसेच झाले. सुरुवातीच्या डाइव्हमध्ये सरासरी १२ मीटर खोलीवर माझे १५० बार ३१ मिनिटांत संपत. तेथील दाब २.२ पट, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला सुमारे २४ लिटर. हाच आकडा २८ मीटरला लावला तर मिनिटाला ९१ लिटर होतात, म्हणजे गेजवर दर मिनिटाला आठ बार. मोरी पाहताना पाच-साडेपाच मिनिटांत ४५ बार कुठे गेले, याचे उत्तर इतके सरळ होते. डाइव्हच्या आधी मी ते काढू शकले असते, पण माझा स्वतःचा आकडा किती हेच मला माहीत नव्हते, कारण तो माझ्याच लॉगबुकातून काढावा लागतो आणि लॉगबुकात मी तोपर्यंत माशांची नावे तेवढी लिहीत होते. चाळिसाव्या डाइव्हच्या आसपास त्याच खोलीवर तेवढीच हवा मला ५० मिनिटे पुरू लागली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. कोणी श्वासाचे तंत्र शिकवले म्हणून हा फरक पडला नाही. वजन कमी झाले, हातपाय मारणे थांबले आणि पाण्यात असण्याचे नवल ओसरून त्याची सवय झाली, एवढेच घडले.

नायट्रॉक्सच्या कार्डाबद्दलही इथे सांगायला हवे, कारण नव्या डायव्हरला ते फार आकर्षक वाटते. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणामुळे शरीरात नायट्रोजन कमी साठतो आणि तळाशी जास्त वेळ राहता येते, हे पूर्णपणे खरे आहे. पॅडीच्या तक्त्यात १८ मीटरवर साध्या हवेची मर्यादा ५६ मिनिटे आहे आणि ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची ९५ मिनिटे. पण माझे सिलिंडर १२ मीटरवरच ३१ मिनिटांत संपत होते. ५६ मिनिटांची मर्यादा मी कधी गाठणारच नव्हते, तर ती ९५ वर नेऊन मला काय मिळाले? त्या कोर्सचे पैसे मी चुकीच्या वर्षी खर्च केले. आज, दिवसाला तीन-तीन डाइव्ह करताना, तोच कोर्स मला दर सहलीत उपयोगी पडतो.

या सगळ्यावरून केवळ डाइव्हची संख्या वाढवावी असे कोणी समजू नये, कारण संख्याही कार्डाइतकीच फसवी असू शकते. नेत्राणीला माझ्याबरोबर मुंबईचे एक गृहस्थ होते, ऐंशीहून अधिक डाइव्ह झालेले, स्वभावाने अत्यंत सज्जन. बोटीवर त्यांनी मला विचारले की माझ्या अंदाजाने त्यांना किती वजन लागेल. आजवर प्रत्येक ठिकाणी गाइडने दिले तेवढे त्यांनी बांधले होते, गाइड वळला तिकडे ते वळले होते आणि गाइडने वर चलण्याची खूण केली की वर आले होते. ऐंशी वेळा त्यांनी समुद्र पाहिला होता, पण पाण्याखालचा एकही निर्णय त्यांच्या वाट्याला आला नव्हता. हे ऐकून मला त्यांच्याविषयी कमीपणा वाटला नाही, उलट धसका बसला, कारण दादा भेटले नसते तर मीही त्याच वाटेने गेले असते. अनुभव म्हणजे काय, याची माझी व्याख्या त्या दिवशी पक्की झाली. एखाद्या डाइव्हला अनुभव म्हणायचे तर तिचा निदान एक भाग स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडलेला असला पाहिजे. किती हवेला मागे वळायचे ते आधी स्वतः ठरवून बडीला सांगायचे, जातानाची दिशा कंपासवर स्वतः धरायची, गाइडला विनंती करायची की परतीची वाट मी दाखवते आणि चुकले तरच तुम्ही पुढे या. चांगले डाइव्हमास्टर याला आनंदाने तयार होतात. दादांनी मला तीन वेळा चुकू दिले. तिसऱ्या वेळी मी नांगराच्या दोरापासून पंधरा मीटर भलतीकडे वर आले, आणि ओहोटीने मला किती सरकवले हे होडीतून डोळ्यांनी दिसले.

शिवाय अशा डाइव्हमध्ये एक गोष्ट घडते जिला कोर्समध्ये वेळच नसतो. कोर्सच्या प्रत्येक डाइव्हला कौशल्यांची यादी असते. मास्क काढा, घाला, अमुक अंतर जा, वर या. मालवणच्या एका खडकाशी मी एकदा सबंध चाळीस मिनिटे थांबले. वाळूत दोन बारीक छिद्रे उघडत-मिटत होती. बराच वेळ पाहिल्यावर त्यांच्यापुढचे दोन डोळे दिसले आणि मग वाळूखालची पाकट या चपट्या माशाची कड. मी हललेही नाही. पाकट आपणहून उठले, अंगावरची वाळू झटकून दोन हात पुढे गेले आणि पुन्हा बसले. ५ किलो वजनावर, गुडघे न टेकता, वाळूपासून हातभर वर तेवढा वेळ स्थिर राहणे मला जमले हे मला नंतर होडीत लक्षात आले. बॉयन्सीच्या कोर्सच्या कार्डावर जे लिहिले होते ते त्या दिवशी खरे झाले, असे मी मानते.

काही कोर्सना मात्र अनुभवाचा पर्याय नाही, आणि तिथे माझे मत ठाम आहे. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरणे, जिथून सरळ वर येता येत नाही अशा कुठल्याही बंदिस्त जागेत जाणे, ४० मीटरच्या पलीकडे जाणे किंवा थांबे घेत वर यावे लागेल इतका वेळ खोल राहणे, या गोष्टी ‘करून बघू’ म्हणत शिकायच्या नसतात. तिथे पहिली चूकच शेवटची ठरू शकते. गोव्याच्या ग्रांद बेटाजवळ जहाजाचे अवशेष पाहताना बाहेरून पाहणे आणि आत डोके घालणे यांतला फरक याच कारणाने लक्षात ठेवावा. प्रथमोपचार आणि सीपीआरचे प्रशिक्षण तर पहिल्या वर्षीच घ्यावे, त्यासाठी डाइव्हची संख्या पाहू नये. ते घरातही उपयोगी पडते.

रेस्क्यू डायव्हरचा कोर्स मी सत्तेचाळिसाव्या डाइव्हनंतर केला. ठरवलेल्या पन्नासाला तीन कमी होत्या, पण पावसाळ्याआधीची ती शेवटचीच तुकडी होती. माझ्या सर्व कोर्समध्ये तो सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत समाधानाचा ठरला. थकलेल्या माणसाला ओढत नेणे, पृष्ठभागावर घाबरून अंगावर येणाऱ्याला हाताळणे, तळाशी निपचित पडलेल्याला वर आणून त्याला श्वास देत देत होडीपर्यंत नेणे, असे त्याचे स्वरूप असते. निपचित माणसाला वर आणताना आपल्या बीसीडीतली आणि त्याच्या बीसीडीतली हवा एकाच वेळी सांभाळावी लागते. माझा डावा हात आता सांगण्याची वाट न पाहता हवा सोडत होता, त्यामुळे माझे सगळे लक्ष समोरच्या माणसावर राहिले. तुकडीत एक तरुण होता, पोहण्यात माझ्या दुप्पट ताकदीचा, पण त्याच्या डाइव्ह होत्या बारा. तो दर वेळी दुसऱ्याला वर आणता आणता स्वतःच आधी वर निघून जाई. प्रशिक्षकांनी त्याला नापास केले नाही, त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले आणि अखेर ते त्याला जमलेही. पण कोर्सचे चारही दिवस तो स्वतःच्याच वजनाशी झगडत राहिला, आणि ज्यासाठी तो कोर्स असतो, म्हणजे दुसऱ्याकडे पाहायला शिकणे, ते त्याच्या वाट्याला फार थोडे आले. पैसे दोघांनी सारखेच भरले होते.

म्हणून कोणी नव्याने कार्ड मिळवून मला विचारले की पुढचा कोर्स कोणता करू, तर मी उलट विचारते की मागच्या पाच डाइव्हमध्ये तुला काय जमले नाही. या प्रश्नाला उत्तर असेल आणि ते सरावाने सुटत नसेल, तर त्या विषयाचा कोर्स जरूर करावा. उत्तरच नसेल तर आधी आणखी पाच डाइव्ह कराव्यात, त्याही जवळच्या, उथळ आणि स्वस्त. दोन डाइव्हच्या एका स्पेशालिटी कोर्सला मी जेवढे पैसे दिले होते, तेवढ्यात मालवणात माझ्या पाच डाइव्ह झाल्या. खंड पडू न देणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आपल्या किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी बंद असते आणि चार महिन्यांत हात बरेच काही विसरतात, त्यामुळे हंगामाची पहिली डाइव्ह मी नेहमी उथळ पाण्यात करते आणि तीत मास्क काढणे-घालणे आणि बडीच्या रेग्युलेटरवरून श्वास घेणे एवढाच सराव करते. ज्यांना समुद्राआधी तलाव हवा असेल त्यांच्यासाठी तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या प्रशिक्षण संस्थेचा खोल तलाव आहे.

गेल्या डिसेंबरात माझी भाची ओपन वॉटर करून आली. तिच्या मोबाइलवर ॲडव्हान्स्ड, नायट्रॉक्स आणि नाइट अशा तीन कोर्सचे मिळून सवलतीचे पॅकेज आलेले होते आणि ते घ्यायचे का, असे तिने मला विचारले. मी हो किंवा नाही म्हटले नाही. तिला घेऊन मालवणला गेले. दादांनी सवयीप्रमाणे सगळे साहित्य तिच्यासमोर सुटे ठेवले. तिला पंचवीस मिनिटे लागली, माझ्याहून पाच जास्त, आणि मी मदतीला हात पुढे केला तर दादांनी मला नजरेनेच थांबवले. पाण्यात ती दोनदा वर निघून गेली आणि दोन्ही वेळा आपण होऊन परत आली. संध्याकाळी खोलीवर ती लॉगबुक लिहीत होती. माशांच्या रकान्यात तिने ‘बरेच’ एवढेच लिहिले होते. त्याच्याखाली, बारीक अक्षरात, होते: “वजन ७ किलो. शेवटी ५ मीटरवर थांबताना बीसीडीत अजून बरीच हवा होती. मावशी, उद्या ६ करून बघू या?”